पहाटेच्या बावीस लहरी

शंभर किलोमीटर उंचीवर सूर्य आपल्यापेक्षा चाळीस मिनिटं आधी उगवतो.

*

विजारीला नाडी हवी. पट्टा चालत नाही. पट्ट्याला बक्कल असतं.

*

पावसाळ्यात कौलांवरचं पाणी पन्हळीतून थेट हौदात पडतं.

*

आकाशाला वार कळत नाहीत.

*

मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि तोवर माझं काही चुकलेलं नव्हतं.

*

"पिना," मयेकर म्हणाले आणि त्यांनी लाकडी तबक पुढे केलं.

मी केसांतल्या दोन पिना काढून तबकात टाकल्या.

"घड्याळ."

घड्याळही टाकलं.

"साडीची सेफ्टी पिन?"

"लावलीच नाही. पदर खोचलाय."

"मागच्या खेपेलाही असंच म्हणालात. मग निऱ्यांत निघाली."

"मयेकर, पीएचडी मी करतेय की तुम्ही?"

"पीएचडी तुमचीच, मॅडम. कागद माझा खराब होतो."

कुडवणच्या चुंबकीय वेधशाळेत शिरायचं ते असं, अंगावरचं लोखंड उतरवून. पृथ्वीचं चुंबकत्व स्थिर नसतं. ते सतत थरथरत असतं, पण इतकं कमी, की खिशातली किल्लीसुद्धा त्याच्यावर मात करते. म्हणून त्या बुटक्या खोल्यांना खिळे तांब्याचे होते, कड्याकोयंडे पितळेचे. ऐन कोकणात असूनही भिंतींना जांभा नव्हता, कारण जांभ्यात लोह असतं. दगड घाटावरून आणलेला. आणि या सगळ्यावर एकतीस वर्षं राखण होती काशिनाथ मयेकर या निरीक्षकाची. पायजमा, बिनखिळ्याच्या चपला, आणि नोंदवहीत मोत्यासारखं अक्षर. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते.

तो मंगळवार होता, चोवीस फेब्रुवारी एकोणीसशे सत्त्याऐंशी. सकाळचे आठ वाजले होते. मी आदल्या संध्याकाळच्या एस.टी.ने आले होते, आणि पहाटे स्वतः पेनासमोर बसून माझ्या लहरी पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. अंघोळ उरकून आता पुन्हा आत चालले होते.

माझ्या लहरी. मी तसंच म्हणायची.

अकरा महिन्यांपूर्वी मी तिथे एक नवं यंत्र बसवलं होतं. आवाराच्या ईशान्य कोपऱ्यात, कुंपणालगत, जमिनीत पुरलेली तारेची भलीमोठी गुंडाळी. जुन्या यंत्राला जे जाणवतही नसे ते हिला ऐकू यायचं. गुंडाळीपासून नोंदीच्या खोलीपर्यंत तार, तिथे सरकता कागद आणि त्यावर शाईचं पेन. आणि रोज पहाटे, सूर्य उगवायच्या बरोबर चाळीस मिनिटं आधी, ते पेन डोलायला लागायचं. अडतीस सेकंदांची एक लहर, अशा वीस-बावीस लहरी, आणि पुन्हा शांत.

चाळीस मिनिटं आधी का, तर आपल्याकडे अंधार असतो तेव्हा वरच्या हवेवर ऊन पडलेलं असतं. दिवस-रात्रीची सीमा डोक्यावरून सरकते, त्या विरळ हवेला ऊन लागतं, आणि ती वीज वाहून न्यायला लागते. अवकाशातून येणारी एरवी न जाणवणारी थरथर त्या प्रवाहात एकदम मोठी होते. माझा निबंध हा एवढाच होता. शुक्रवारी तो परिषदेत वाचला जाणार होता.

माझे मार्गदर्शक डॉ. रेगे आधी मानायला तयार नव्हते. "पहाटे गावात काय काय सुरू होतं माहितीये ना? दूधवाला, गिरणी, एस.टी."

"सर, माणूस घड्याळाने चालतो," मी म्हणाले होते. "ही लहर सूर्याने चालते."

आणि मी त्यांच्यासमोर आलेख ठेवला होता. अकरा महिने, दर आठवड्याची सरासरी काढलेली, एकेक ठिपका. शेजारी सूर्योदयाची रेघ. हिवाळ्यात सूर्य उशिरा, लहर उशिरा. उन्हाळ्यात सूर्य लवकर, लहर लवकर. दोन्ही रेघा रुळांसारख्या समांतर. पावसाळ्यात लहरी जवळजवळ गायब होत होत्या, त्याचंही कारण मी शोधून काढलं होतं आणि निबंधाचा तिसरा भाग त्यालाच दिला होता. सरांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नाव आधी तुझं घालू."

आता फक्त बुधवार आणि गुरुवारच्या दोन पहाटा हव्या होत्या, अगदी स्वच्छ. गावात एकही गाडी सुरू न होता. कोणी शंका घेतलीच तर तोंडावर टाकायला.

"त्यासाठी दाऊदबाबांना भेटा," मयेकर म्हणाले. "मशिदीचे बांगी, अजान देणारे. ते भोंग्यावरून सांगतील तर रिक्षावाले ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतात, आला लोखंडवाला."

*

मशीद आमच्या कुंपणाच्या पलीकडेच होती. ओसरीत हौद, आणि त्याच्या कडेला एक म्हातारा गुडघ्याला तेल चोळत बसलेला.

"या, या. लोखंडबंदीच्या बाई ना तुम्ही?"

"हो. नलिनी शेवडे."

"बसा बेटी. त्या तिथं बसा, सावलीत. मयेकर बरा आहे ना? काल आला नाय."

"बरे आहेत. बाबा, एक काम होतं. उद्या आणि परवा सकाळी सात वाजेपर्यंत गावात कोणी रिक्षा, टेम्पो सुरू करू नये, एवढं सांगाल का?"

"सांगेन की. अझिमच्या टेम्पोचा आवाज मलापण नको असतो. पण कशाला?"

त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. मला सांगायला आवडायचं. वरचं ऊन, वरची वीज, थरथर, सगळं. त्यांनी तेल चोळायचं थांबवून ऐकलं.

"म्हणजे वर सूर्य आधी निघतो?"

"चाळीस मिनिटं आधी."

"सुभानल्ला. आणि ते तुमच्या यंत्राला कळतं?"

"रोज. आज सहा अठराला कळलं."

"सहा अठरा." त्यांनी मान हलवली. "बरोबर. नमाज आटपते तेव्हा."

"रोज तीच वेळ नसते, बाबा. ती घड्याळाची नाही, सूर्याची वेळ आहे. महिनाभराने अर्धा तास सरकलेली असेल."

"अर्धा नाय, वीस मिनिटं," बाबा शांतपणे म्हणाले. "मग आमची कुठं रोज तीच असते? आमचीपण सूर्याचीच. तो बघा तक्ता."

ओसरीच्या भिंतीवर काच लावलेला एक उर्दू तक्ता टांगलेला होता.

"वाचून दाखवू? ही बघा फज्र, पहाटेची. फेब्रुवारी, एकवीस ते पंचवीस, पाच पंचेचाळीसला बांग. मग वीस मिनिटांनी जमात नमाजला उभी राहते. ती आटपली, दुवा झाली, की मी मागे विहिरीवर. दिवसभराचं पाणी हौदात भरून टाकतो. मग गुडघा सुटा आहे तोवर काम होतं."

मी ऐकत होते. पण ऐकत होते ते दुसरंच.

"बाबा, एकवीस ते पंचवीस म्हणजे?"

"म्हणजे पाच दिवस एकच वेळ. छापणाऱ्याने पाचापाचाची ओळ केलीय."

"उद्या?"

"उद्या तीच."

"परवा?"

"परवा सव्वीस ना? परवा तीन मिनिटं आधी. पाच बेचाळीस."

सूर्य रोज अर्ध्या-पाऊण मिनिटाने सरकतो. तो पाच दिवस एका जागी उभा राहून मग तीन मिनिटं उडी मारत नाही.

"पावसाळ्यात पण काढता पाणी?" मी विचारलं.

"पावसाळ्यात कशाला? पन्हळ आहे ना. कौलांवरचं पाणी सरळ हौदात."

"आणि एरवी किती बादल्या?"

"वीस-बावीस. जुम्म्याला डबल. जुम्म्याला सगळी दुनिया हातपाय धुवायला येते, बाकीचे सहा दिवस दिसत नाय." ते हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. "काय झालं, बेटी? पाणी देऊ?"

"नको," मी म्हणाले. "पाणी नको."

*

विहीर मशिदीच्या मागे होती. मी तिच्या काठावर उभी राहिले. समोर आमचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे वीस पावलांवर माझ्या खड्ड्यावरचं सिमेंटचं झाकण. रहाटाला दोर नव्हता. जाड लोखंडी साखळी होती, प्रत्येक कडी माझ्या अंगठ्याएवढी.

साखळी खाली जाते, वर येते. खाली, वर. मी मनातल्या मनात मोजलं. घड्याळ तबकात होतं, पण गरजच नव्हती.

*

"फेब्रुवारीचे कागद काढा," मी मयेकरांना म्हणाले. "सरासरी नको. मूळ कागद."

त्यांनी गुंडाळ्या आणून टेबलावर पसरल्या. एरवी मी हे कागद मुंबईला मागवून घ्यायची, आकडे उतरवायची आणि आठवड्याची बेरीज करून साताने भागायची. त्या दिवशी प्रथमच एकेक पहाट वेगळी मांडली. अकरा ते पंधरा: सहा चोवीस, सहा चोवीस, एखादा सहा पंचवीस. सोळा ते वीस: सहा एकवीस. एकवीसपासून: सहा अठरा. रेघ कसली, जिनाच तो. आणि तेरा तारखेला चव्वेचाळीस लहरी, वीस तारखेला त्रेचाळीस. दोन्ही शुक्रवार. साताने भागलं की पायरीही पुसली जाते आणि शुक्रवारही.

"मयेकर, त्या विहिरीला साखळी कधीपासून आहे?"

"सहा वर्षं झाली. सुंभाचा दोर कुजायचा. एकदा तुटला तेव्हा बाबा तोल जाऊन आत जायचेच, काठावरच्या पोरांनी धरलं. मग मीच रत्नागिरीहून साखळी आणून दिली."

"तुम्ही? लोखंडाची?"

"आणायच्या आधी जुन्या यंत्रावर बघितलं होतं, मॅडम. एक माणूस साखळी घेऊन विहिरीपाशी उभा केला, तासन् तास. रेघ हलली नाही. जुनं यंत्र मधोमध आहे, विहिरीपासून दोनशे पावलं."

"आणि नवं यंत्र?"

मयेकर पेनात शाई भरत होते. ते शाई भरत राहिले.

मला तेव्हा राग यायला हवा होता, रडू तरी. आलं ते वेगळंच. मला चाचणी घ्यायची घाई झाली. संशय हा अर्धवट सुटलेल्या गणितासारखा असतो. मला तो तसा सहन होत नाही, आजही होत नाही.

"पावणेअकरा झालेत," मी म्हणाले. "तुम्ही पेनापाशी बसा. मी बाबांना दहा बादल्या काढायला सांगते. आकाशाची लहर असेल तर दिवसा अकरा वाजता येणार नाही."

"आणि आली तर?"

"तर मोजा."

*

"आत्ता?" दाऊदबाबा म्हणाले. "हौद भरलेला आहे. पाणी ओतू कुठं?"

"परत विहिरीत ओता."

"विहिरीतलं काढून विहिरीत?" त्यांनी आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना. "सरकारी काम दिसतंय."

"सरकारीच आहे, बाबा. नेहमी काढता तसंच काढा. घाई नको."

"या गुडघ्याला घाई माहीत नाय."

त्यांनी बादली सोडली. साखळी खळखळत खाली गेली. पाण्याचा आवाज, क्षणभर थांबणं, मग दोन्ही हातांनी वर. काठावर आणली, उलटी केली, पुन्हा सोडली. मी कुंपणाला धरून उभी होते. नोंदीच्या खोलीच्या दारात मयेकर दिसत होते; एक पाय आत, एक बाहेर, मान पेनाकडे.

तिसऱ्या बादलीला त्यांनी हात वर केला. तीन बोटं.

चौथीला चार.

पाचव्या बादलीनंतर मी बाबांना मध्येच थांबवलं. "थोडं थांबा. विडी ओढा."

"मशिदीमागे विडी?"

"मग नुसते थांबा."

ते थांबले. मयेकरांनी तळवा आडवा धरला: सपाट. मी मनात शंभरापर्यंत मोजलं. तळवा आडवाच.

"आता पुन्हा, बाबा."

सहा बोटं. सात. आठ. नऊ. दहाव्या वेळी मयेकरांनी दोन्ही पंजे उघडून वर धरले आणि तसेच ठेवले, पोलिसाने थांबवलेल्या माणसासारखे.

"पास का नापास?" दाऊदबाबांनी धापा टाकत विचारलं.

"यंत्र पास झालं," मी म्हणाले.

तेही खोटं नव्हतं. यंत्र उत्तमच होतं. वीस पावलांवरची बादली ते मोजत होतं. पहाटेची खरी लहर मला पुढे सापडली, विहिरीच्या लहरीच्या आठव्या हिश्शाएवढी, आणि ती दररोज येत नाही. पण ती पुढची गोष्ट. त्या सकाळी माझ्याकडे होत्या फक्त अकरा महिन्यांच्या बादल्या.

"बेटी," बाबा साखळी रहाटाला अडकवत म्हणाले, "माझ्यामुळे तुमचं काय बिघडलं का? साखळी काढू? दोर बांधतो हवं तर."

"नाही बाबा. साखळी राहू दे."

*

पोस्टातून मुंबईला ट्रंककॉल लागायला तास लागायचा. निघताना मी मयेकरांकडे नोंदवह्या मागितल्या. सर शेरे विचारणार हे मला माहीत होतं. पेनात बिघाड, वीज जाणं, कुंपणाजवळ बैलगाडी, असं जे जे घडेल ते निरीक्षकाने शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं असतं. मी फक्त आकडे वापरायची. शेरे कधी उतरवून घेतले नव्हते.

मयेकरांनी वह्या दिल्या.

फोन लागला. मी सरांना सगळं सांगितलं: तक्ता, पायऱ्या, शुक्रवार, दहा बादल्या.

"आठवड्याच्या सरासरीत हे दिसत नाही," सर म्हणाले.

"नाही दिसत."

"म्हणजे परिषदेत कोणाला दिसणार नाही."

"मला दिसलंय, सर."

"हं." ते हसल्यासारखं काहीतरी. "बरं. मागे घेऊ. साखळी ताबडतोब बंद करायला सांग. शंभर पावलांत लोखंड नको, असा करार आहे गावाशी."

"विहीर तीनशे वर्षांची आहे, सर. माझा खड्डा अकरा महिन्यांचा."

"मग कारण नीट द्यावं लागेल. शेरे बघितलेस? विहिरीवर रोज कोणी पाणी काढतं हे निरीक्षकाने लिहायला हवं होतं. आहे का कुठे?"

वह्या काउंटरवर होत्या. मी गेल्या मार्चची उचलली आणि पहिलं पान उघडलं.

मिटलं.

"नलिनी? ऐकू येतंय?"

"येतंय."

"नाहीये ना? मग झालं. पत्रात लिही, केंद्राच्या नोंदींतल्या त्रुटीमुळे निबंध मागे. तो जूनमध्ये निवृत्त होतोय, त्याला काय फरक पडणार? तुला पडेल. तुझ्यापुढे तीस वर्षं आहेत."

पोस्टमास्तर तिकिटांवर शिक्के मारत होते. दोन शिक्क्यांच्या मध्ये मी बोलले.

"सर, नोंदींत त्रुटी नाही. माझ्या नावाने मागे घ्या. जागा मी निवडली, सरासरी मी काढली, चूक माझी."

"विचार कर. हे छापून येतं. लोक लक्षात ठेवतात."

"ठेवू देत."

"कारण काय देऊ?"

"विहीर," मी म्हणाले.

*

परत आले तेव्हा मयेकर व्हरांड्यात कागद गुंडाळत बसले होते. मी वह्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मार्चची वही सगळ्यात वर आहे हे पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता सगळ्या कपाटात ठेवल्या.

"लागला फोन?"

"लागला."

"मग?"

"गुरुवारी नवा खड्डा खणायचाय. मधोमध, जुन्या यंत्राशेजारी."

"कुदळ लोखंडाची असते, मॅडम."

"माहितीये. खणून झाली की बाहेर नेऊन ठेवू."

"आणि उद्याच्या स्वच्छ पहाटेचं काय? बाबांनी भोंग्यावरून सांगूनसुद्धा टाकलंय. अझिम शिव्या देतोय."

"देऊ दे," मी म्हणाले. "उद्या पहाटे मी पेनापाशी बसते. तुम्ही शेरे सांगा, मी लिहिते. सगळे."

मयेकरांनी लाकडी तबक पुढे केलं. मी माझ्या पिना उचलल्या.

*

दहा मार्च एकोणीसशे शहाऐंशी, सोमवार, नव्या यंत्राचा पहिला दिवस. शेऱ्याच्या रकान्यात मयेकरांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: "६.०९. विहिरीवर पाणी काढणं सुरू. पेन हलतं आहे." त्या ओळीवर लाल शाईची रेघ आहे, रेघेशेजारी "अनावश्यक" हा शब्द आहे, आणि खाली माझी सही.